आधी शंभर दाणे, मग पेरणी

मृग जवळ आला की यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यात, कापूस-सोयाबीनच्या त्या काळ्या मुलखात, शेतकऱ्यापुढे दरसाल तोच पेच उभा राहतो. पावसाची वाट न पाहता कोरड्या मातीत सरकी लावून मोकळे व्हायचे, म्हणजे धूळपेरणी करायची, की जमिनीत पुरती ओल होईपर्यंत थांबायचे? धूळपेरणी साधली तर पीक इतरांच्या पुढे निघते. फसली तर बियाणे मातीत जाते आणि दुबार पेरणीसाठी पुन्हा कुणाच्या तरी दारात उभे राहावे लागते.

सोयाबीनच्या बाबतीत मात्र एक जुने शहाणपण आहे. घरचे बियाणे पेरण्याआधी पोत्यातले शंभर दाणे, निवडून नव्हे तर हाताला येतील तसे घ्यायचे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडायचे. गोणपाटाची गुंडाळी करून सावलीत ठेवायची, वर पाणी शिंपडत राहायचे आणि आठवडाभराने मोड आलेले दाणे मोजायचे. सत्तर उगवले तर बियाणे पेरण्याजोगे. थोडे कमी भरले तर एकरी बियाणे वाढवायचे. फारच कमी भरले तर ते पोते पेरणीचे नव्हे. २०२० च्या खरिपात राज्यभर सोयाबीन उगवले नाही म्हणून तक्रारींचा ढीग पडला, तेव्हा या शंभर दाण्यांची किंमत अनेकांना कळली.

आधी आराखडा, की आधी आरंभ? हा वाद काही शेतीपुरता नाही. संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्यांच्या धंद्यात तो अर्धशतकाहून अधिक काळ चालू आहे. पुण्या-बंगळुरूच्या वातानुकूलित इमारतींतल्या या वादाशी महागावच्या शेतकऱ्याचा काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध आहे आणि तो चांगलाच जवळचा आहे. आज त्याचा सातबारा, त्याचे पीककर्ज, त्याची पीकपाहणी आणि त्याची कर्जमाफी या साऱ्यांचा कारभार कुठल्या ना कुठल्या सॉफ्टवेअरच्या हाती गेलेला आहे. ते सॉफ्टवेअर कोणत्या रीतीने बांधले गेले, यावर त्याच्या घरातली दिवाळी अवलंबून राहू शकते. ही अतिशयोक्ती नव्हे. तसे घडून गेले आहे.

दोन पंथ

संगणकयुगाच्या पहिल्या दोन दशकांत आज्ञावली लिहिणे हे बरेचसे कारागिरीचे काम होते. ज्याला सुचेल त्याने, सुचेल तसे लिहावे. यंत्रे मोठी झाली, कामे अवाढव्य झाली आणि ही रीत कोलमडू लागली. ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे नाटो संघटनेच्या पुढाकाराने एक परिषद भरली. सॉफ्टवेअर वेळेवर होत नाही, अंदाजपत्रकात बसत नाही आणि झाले तरी भरवशाचे नसते, ही तिथली मुख्य चिंता होती. पूल बांधणारा अभियंता जसा आधी नकाशा काढतो, भार मोजतो, तसेच आज्ञावल्यांचेही शास्त्र असले पाहिजे, हा विचार या परिषदेने रुजवला. ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ हा शब्द रूढ झाला तो तिथूनच.

त्यानंतर पायऱ्यापायऱ्यांची पद्धत आली. आधी गरजा लिहून काढा, मग आराखडा, मग लेखन, मग चाचणी, मग वापर. धबधब्याचे पाणी एका पायरीवरून दुसरीवर पडावे तसे काम खाली उतरत जायचे. वर चढायचे नाही. या पद्धतीचे पितृत्व विन्स्टन रॉइस या अमेरिकन अभियंत्याच्या १९७० मधील लेखाला दिले जाते. गंमत अशी की, हे चित्र काढून त्याच लेखात रॉइसने बजावले होते की नुसते असेच कराल तर फसाल. काम नवे असेल तर आधी एक लहान नमुना बांधून पाहा, त्यातून शिका आणि मग खरे बांधा, असा त्याचा सल्ला होता. लोकांनी चित्र उचलले आणि सल्ला तेवढा वगळला. रॉइस सांगत होता ती शंभर दाण्यांचीच परीक्षा होती.

दुसऱ्या पंथाची बंडाळी पुढे तीस वर्षांनी झाली. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड येथे १७ जाणकार जमले आणि त्यांनी एक छोटासा जाहीरनामा काढला. जाडजूड कागदपत्रांपेक्षा चालणारे सॉफ्टवेअर मोलाचे, आणि ठरलेल्या बेताला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला सामोरे जाणे मोलाचे, असा त्याचा आशय होता. ‘अजाइल’ म्हणून ओळखला जाणारा पंथ तो हाच. थोडे बांधा, लोकांच्या हाती द्या, चुका पाहा, दुरुस्त करा, पुन्हा द्या. अर्थात या मंडळींनी शिस्त सोडा असे कुठेच म्हटले नव्हते. पण पुष्कळांनी ऐकले ते तेवढेच. इथेही लोकांनी सोयीचे तेवढे उचलले. ‘आधी सुरू करा, मग पाहू’ या आपल्या जुन्या खाक्याला एक नवे, इंग्रजी आणि प्रतिष्ठित नाव मिळाले.

दिवाळीची यादी

आता आपल्या घरची गोष्ट. १ जून २०१७ रोजी पुणतांब्यातून निघालेला शेतकऱ्यांचा संप राज्यभर पसरला आणि त्याच महिन्याच्या २४ तारखेला राज्य सरकारने ३४,०२२ कोटी रुपयांची, ८९ लाख शेतकऱ्यांना लाभ देणारी कर्जमाफी जाहीर केली. छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना हे तिचे नाव. थकबाकीदाराला दीड लाखापर्यंत माफी, त्याहून अधिक कर्ज असेल तर वरची रक्कम भरल्यावर सवलत, नियमित फेड करणाऱ्याला प्रोत्साहन. आधीच्या कर्जमाफीत पैसा भलतीकडे गेल्याची टीका झाली होती. म्हणून या वेळी प्रत्येक शेतकऱ्याचा ऑनलाइन अर्ज आणि आधार क्रमांक घ्यायचा, संगणकाने छाननी करायची, असे ठरले. हेतू चांगलाच होता.

जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या २२ तारखेपर्यंत अर्ज भरणे चालले. ‘आपले सरकार’ केंद्रांपुढे रांगा लागल्या, ‘सर्व्हर डाऊन’ हे शब्द खेड्यापाड्यांत तोंडपाठ झाले. यवतमाळसाठी तो हंगाम आधीच वाईट होता. कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली होती आणि फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात शेतकरी व शेतमजूर दगावत होते. अशा दिवसांत माणसे शेत सोडून रांगेत उभी होती. राज्यभरातून पन्नास लाखांहून अधिक कुटुंबांनी अर्ज केले.

संगणकापुढे काम होते ते जुळवणीचे. एका बाजूला शेतकऱ्याने भरलेला अर्ज, दुसऱ्या बाजूला बँकांनी भरून द्यायचा ६६ रकान्यांचा तक्ता. दोन्ही जुळले की नाव ‘ग्रीन लिस्ट’मध्ये. कागदावर हे सोपे वाटते. परंतु आपल्या सहकारी पतपुरवठ्याची रचना ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्यातली मेख लगेच दिसेल. शेतकऱ्याला कर्ज मिळते ते गावच्या विविध कार्यकारी सोसायटीकडून आणि सोसायटीला जिल्हा मध्यवर्ती बँकेकडून. शेतकऱ्याचे खरे खाते गटसचिवाच्या वहीत. तिथे नाव एक, सातबारावर थोडे निराळे, आधार कार्डावर तिसरेच. समजा, वहीत ‘किसन तुकाराम’ आहे, पासबुकात ‘किसनराव तुकाराम’ आणि आधारवर आडनाव आधी आले आहे. गटसचिवाला हा माणूस एकच आहे हे सांगावे लागत नाही. संगणकाला मात्र ते तीन इसम वाटतात. त्यात दीड लाखाची मर्यादा होती कुटुंबाला. पती, पत्नी आणि अज्ञान मुले मिळून एक कुटुंब, त्यांची कर्जे दोन-तीन बँकांत विखुरलेली. ती शोधून एकत्र करायची कशी, हे आज्ञावलीला नेमके सांगावे लागणार. वर, निकषांचे शासकीय निर्णय एकामागून एक येतच होते. नियम हलता, माहिती विस्कळीत आणि तारीख तेवढी पक्की, अशी ही स्थिती होती.

तारीख होती दिवाळीची. १८ ऑक्टोबर २०१७ रोजी मुंबईत आणि जिल्ह्याजिल्ह्यांत समारंभ झाले, शेतकरी दांपत्यांना सन्मानाने कर्जमुक्तीची प्रमाणपत्रे दिली गेली. आठ लाखांहून अधिक शेतकऱ्यांची पहिली यादी निघाली. आणि मग बँकांनी ती तपासायला घेतली तेव्हा गोंधळ उघड झाला. एकाच आधार क्रमांकावर अनेक नावे आढळली, रकमा जुळेनात. यादी संकेतस्थळावरून काढून घ्यावी लागली. प्रमाणपत्र हाती आहे आणि खात्यावर थकबाकी तशीच आहे, अशा अवस्थेत माणसे बँकेच्या पायऱ्या चढू-उतरू लागली. पुढे टप्प्याटप्प्याने चाळीस लाखांहून अधिक खात्यांना लाभ मिळाला, हेही नोंदवले पाहिजे. पण राहिलेल्यांची कैफियत कित्येक वर्षे संपली नाही.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे समजून स्वतःला दूषणे देण्याचे कारण नाही. अमेरिकेत आरोग्यविम्यासाठी १ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू झालेल्या सरकारी संकेतस्थळावर पहिल्या दिवशी अवघ्या सहा जणांची नोंदणी पूर्ण होऊ शकली होती. तिथेही तारीख पक्की होती, नियम उशिरा ठरले होते आणि सर्व भाग एकत्र जोडून पुरेशी चाचणी झालेली नव्हती. ऐन वेळी माणसे वाढवूनही अशा कामाला वेग येत नाही. आयबीएमच्या एका प्रचंड प्रकल्पाचा अनुभव घेतलेल्या फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच सांगून ठेवले होते की, रखडलेल्या सॉफ्टवेअरला नवी माणसे जोडली तर ते आणखी रखडते, कारण जुन्यांचा वेळ नव्यांना समजावण्यात जातो.

अडुसष्ट गावे

दोन वर्षांनी सरकार बदलले आणि डिसेंबर २०१९ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात दुसरी कर्जमाफी जाहीर झाली. महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना. या वेळी शेतकऱ्याकडून अर्ज मागवलेच नाहीत. ज्या बँकेने कर्ज दिले तिनेच खात्याची माहिती भरायची. कुटुंबाचा निकषही गेला. माणूस हाच एकक. ३० सप्टेंबर २०१९ रोजी थकीत असलेले दोन लाखांपर्यंतचे कर्ज माफ. नियम एका वाक्यात सांगता येण्याजोगा झाला, आणि ज्या नियमाचे एक वाक्य होते त्याची आज्ञावलीही सुटसुटीत होते. बहुतेक सॉफ्टवेअर बिघडते ते संगणकावर नव्हे, शासन निर्णयाच्या मसुद्यातच.

महत्त्वाची गोष्ट त्यापुढची. चौतीस लाखांहून अधिक खात्यांची माहिती जमली असतानाही पहिली यादी सगळ्यांची काढली नाही. २४ फेब्रुवारी २०२० रोजी मुंबईचे दोन जिल्हे वगळता प्रत्येक जिल्ह्यातली केवळ दोन गावे घेतली. एकूण गावे ६८, शेतकरी १५,३५८. त्या गावांत नावे लावली. शेतकऱ्याने केंद्रावर जाऊन अंगठा लावायचा, पडद्यावर आपली रक्कम पाहायची, पटली तर होकार द्यायचा, न पटली तर तक्रार नोंदवायची. कुठे काय अडते ते पाहून महिनाअखेरीस मोठी यादी निघाली.

ही होती गोणपाटातली गुंडाळी. पोत्यातून शंभर दाणे काढले, भिजवले, मोजले, मग पेरणी केली. योजना निर्दोष होती असे नव्हे. दोन लाखांवर थोडेसे कर्ज असलेला शेतकरी पूर्णच बाहेर राहिला. नियम सुटसुटीत केला त्याची ती किंमत होती आणि ती त्या शेतकऱ्याने मोजली. मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि अंगठे लावणेही थांबले. नियमित फेड करणाऱ्यांचे प्रोत्साहन पुढे रेंगाळले. पण जाहीर झालेली यादी मागे घेण्याची नामुष्की आली नाही.

कुणी म्हणेल, पहिल्यांनी घाई केली, दुसऱ्यांनी शिस्त पाळली, संपला विषय. तो तितका सोपा नाही. दुसऱ्यांना शहाणपण आले ते पहिल्यांच्या ठेचा पाहूनच. आधार जोडणी, बँकांतील नोंदींची साफसफाई, कोणते रकाने निरुपयोगी आहेत याची समज ही २०१७ च्या गोंधळाचीच कमाई होती. रॉइसच्या भाषेत २०१७ ची योजना हा नमुना होता. दुर्दैव इतकेच की, तो नमुना अडुसष्ट गावांवर नव्हे, अख्ख्या महाराष्ट्रावर करून पाहिला गेला.

चावडीवरची चाचणी

सातबाऱ्याच्या संगणकीकरणाची कथा याच्या उलट बाजूने बोलते. तिथे तारीख नव्हती, घाई नव्हती, काम वर्षानुवर्षे पद्धतशीरपणे चालले होते. राज्यातल्या सुमारे अडीच कोटी सातबाऱ्यांची हस्तलिखिते संगणकात उतरवायची होती. आराखडा होता, तज्ज्ञ होते, तरीही चुका झाल्या. कुठे वारसाचे नाव सुटले, कुठे गुंठ्यांचा हिशेब चुकला. कारण आराखडा काढणाऱ्याला रकाने ठाऊक असतात, माणसे ठाऊक नसतात.

मग २०१७ मध्ये एक नामी उपाय योजला गेला. त्याचे नाव चावडी वाचन. संगणकातून काढलेला सातबारा तलाठ्याने गावात सर्वांसमक्ष वाचून दाखवायचा आणि ज्याची जमीन त्याने ‘हे बरोबर’ किंवा ‘हे चूक’ असे सांगायचे. सॉफ्टवेअरच्या परिभाषेत याला वापरकर्त्याकडून चाचणी म्हणतात आणि त्यासाठी कंपन्या मोठ्या रकमा मोजतात. आपल्याकडे ती परंपरेने फुकट उपलब्ध होती. बांधाचा वाद तीन पिढ्या लक्षात ठेवणाऱ्या गावाइतका कठोर परीक्षक जगात कुठल्या कंपनीला मिळणार?

त्याच महसूल खात्याने १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणीचे ॲप दिले. शेतकऱ्याने शेतात उभे राहून आपल्या पिकाची नोंद आपणच करायची. पहिल्या आवृत्तीत तक्रारी पुष्कळ आल्या. पुढच्या वर्षी सुधारित आवृत्ती आली आणि तिच्यात एक छोटी सोय होती. नोंद चुकली तर ४८ तासांच्या आत शेतकऱ्याला ती स्वतः एकदा दुरुस्त करता येऊ लागली. ही सोय दिसायला क्षुल्लक आहे, पण या साऱ्या वादाचे मर्म तिच्यात आहे. चूक ज्याची, दुरुस्तीही त्याच्याच हाती. असे असेल तिथे खुशाल चाचपडत पुढे जावे. चाचपडण्याचा खर्च दोन मिनिटांचा असतो.

फुलसावंगीचे हेलिकॉप्टर

महागाव तालुक्याला आरंभशूरांचे वावडे नाही. उलट, याच तालुक्यातल्या फुलसावंगीत एका कारागीर तरुणाने, शाळा आठवीपर्यंतची असताना, स्वतःच्या हातांनी हेलिकॉप्टर बांधायला घेतले होते. वेल्डिंगचे अंगी मुरलेले कसब आणि जबर जिद्द एवढेच त्याचे भांडवल. ऑगस्ट २०२१ मध्ये चाचणी घेताना फिरते पाते तुटले आणि त्याचा जीव गेला. साऱ्या देशाने ती बातमी वाचली. काहींनी हळहळ व्यक्त केली, काहींनी ‘जुगाड’ म्हणून नाक मुरडले.

नाक मुरडणाऱ्यांनी थोडे थांबावे. विमानविद्येचा सगळा आरंभच अशा लोकांनी केला आहे. त्या तरुणाजवळ हुशारीची उणीव नव्हती. उणीव होती ती पाते तुटले तर तुकडा कुठे जाईल, हे आधी विचारणाऱ्या दुसऱ्या माणसाची आणि दूर उभे राहून यंत्र चालवून पाहता येईल अशा जागेची. विमान कारखान्यांत याच गोष्टींना ‘पद्धत’ म्हणतात. ती पद्धत म्हणजे आधी मेलेल्यांनी पुढच्यांसाठी लिहून ठेवलेल्या सूचना असतात. आपण जिल्ह्याजिल्ह्यांत तंत्रशाळा काढल्या, पण कुणी काही वेगळे बांधू पाहत असेल तर त्याच्या शेजारी उभे राहील असा माणूस तिथे नेमला नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. फुलसावंगीच्या त्या तरुणाने जोखीम घेतली ती स्वतःच्या अंगावर. कर्जमाफीच्या पहिल्या यादीतली जोखीम घेतली गेली ती दुसऱ्याच्या अंगावर, आणि ज्यांच्या अंगावर ती पडली त्यांना कुणी विचारलेही नव्हते.

चूक कुणाच्या पदरात?

म्हणून आराखडा की आरंभ, शिस्त की जुगाड, हा प्रश्न मुळात असा विचारणेच चुकीचे आहे. विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. चूक झाली तर ती कुणाच्या पदरात पडणार? ती किती जणांना एकदम भोवणार? आणि ज्याला भोवली त्याला ती स्वतः दुरुस्त करता येईल का? घरच्या वहीखात्याचा, दुकानाच्या हिशेबाचा, गावच्या वाचनालयाचा प्रोग्रॅम हवा असेल तर बेत आखत बसू नये. आज लिहावा, उद्या मोडावा. पण ज्या आज्ञावलीच्या एका ओळीमुळे लाखो माणसांचे नाव यादीतून गळू शकते, ती लिहिताना गरजा कागदावर हव्यात, नियम गोठवलेले हवेत, लहान परीक्षा हवी आणि परीक्षेचा निकाल वाईट आला तर समारंभ पुढे ढकलण्याची हिंमत हवी. यातली शेवटची गोष्ट सर्वांत महाग आहे. शंभरपैकी चाळीसच दाणे उगवल्यावरही मुहूर्त ठरला म्हणून पेरणी करायची असेल, तर गोणपाट भिजवण्याचे कष्ट तरी कशाला?

आता तर हा प्रश्न अधिकच निकडीचा होत चालला आहे. कृत्रिम बुद्धीच्या नव्या साधनांना साध्या मराठीत सांगावे आणि त्यांनी घटकाभरात चालती आज्ञावली लिहून द्यावी, असे दिवस आले आहेत. महागावच्या कनिष्ठ महाविद्यालयातली मुलगीही हे करू शकते आणि तिने ते जरूर करावे. आरंभ इतका स्वस्त कधीच नव्हता. पण लिहिणे स्वस्त झाले म्हणून चुकणे स्वस्त झाले असे होत नाही. तपासणे पूर्वीइतकेच कष्टाचे राहिले आहे, आणि ते काम वही ओळखणाऱ्या गटसचिवाला, बांध ओळखणाऱ्या गावाला सोबत घेतल्यावाचून होत नाही.

ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस नागपुरात शेतकऱ्यांचे मोठे आंदोलन झाले आणि ३० जून २०२६ पर्यंत कर्जमाफीचा निर्णय घेऊ, असे सरकारने जाहीर केले. कर्जमाफी द्यावी की न द्यावी, कितीची द्यावी, हा वाद अर्थशास्त्राचा आणि राजकारणाचा आहे. तो त्या त्या व्यासपीठावर होईल. परंतु महाराष्ट्रात जेव्हा केव्हा अशी यादी निघेल तेव्हा ती संगणकातूनच निघणार, हे निश्चित. त्या वेळी विधिमंडळात एखाद्या सदस्याने उठून रकमेबरोबर एवढेच विचारावे, की पहिली दोन गावे कोणती, तिथे किती नावे चुकली आणि चुकलेल्याने जायचे कुणाकडे? या तीन प्रश्नांची उत्तरे तयार असतील, तर यादी निर्धास्तपणे लावावी. नसतील, तर कितीही शुभ दिवस असला तरी ती लावू नये.